घाटावरून दिलेला आधार

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर हवा बरी असते, कचेऱ्या असतात आणि मी असतो. घाटाखाली ऊन असतं, खारं पाणी असतं आणि मी ज्यांचा पर्यवेक्षक म्हणवतो त्या कार्यकर्त्या असतात. आधार देणारा वर आणि आधाराची गरज असलेले खाली, ही मांडणी निसर्गानंच करून ठेवलेली आहे. तिच्यात ढवळाढवळ करण्याचं पाप माझ्या हातून बरीच वर्षं घडलं नाही.

आमची संस्था छोटी आहे. शाळा सुटलेल्या मुली, लहान वयात ठरणारी लग्नं, घरातली मारहाण, असं काम. गावोगाव फिरतात त्या कार्यकर्त्या, ज्यांना मी ताई म्हणतो. त्या एखाद्याच्या ओसरीवर बसून शिव्या ऐकतात, संध्याकाळी मला फोन करून सांगतात, आणि मी म्हणतो, "ताई, काळजी करू नका. मी आहे ना तुमच्या पाठीशी." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते झोपेतसुद्धा नीट म्हणू शकतो. वरवट बकालकडचं काम बघणारी आमची एक वयानं मोठी, तिखट जिभेची ताई आहे. ती एकदा म्हणाली, "पाठीशी हायेत सर तुमी, ते खरं. पन आमाले मारनारे समोरून येतात ना!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. दिलखुलासपणे टीका स्वीकारणं हा चांगल्या पर्यवेक्षकाचा गुण आहे, असं मी त्याच आठवड्यात शिकून आलो होतो.

कारण मला प्रशिक्षण मिळालं होतं. विषय होता, कठीण परिस्थितीत काम करणाऱ्यांचं आधारपूर्ण पर्यवेक्षण. थंडगार हॉटेल, पनीरच्या दोन भाज्या, आणि पुण्याहून आलेल्या एक अतिशय मृदू बोलणाऱ्या बाई. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले, स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं. मला लगेच झोप लागली, आणि बाई म्हणाल्या की हे खोल विश्रांतीचं लक्षण आहे. मी भारावलो. येताना पिशवीभर पिवळे रबरी चेंडू घेऊन आलो. ताण आला की ते दाबायचे. प्रत्येक चेंडूवर हसरा चेहरा होता.

चेंडू मी समारंभपूर्वक वाटले. पुढच्या बैठकीत उपयोगाबद्दल विचारलं. एक म्हणाली, कुत्र्यानं नेला. एक म्हणाली, सासूनं देव्हाऱ्यात ठेवला, सरकारी वस्तू आहे म्हणून. वरवटवाली ताई म्हणाली, "म्या दाबला सर. मंग त्याचा चेहरा पाहून मलेच त्याची कीव आली."

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या कल्पनेनं केली, म्हणजे ती कोणावर ढकलता येत नाही. कार्यालयात पत्र्याचा एक फळा लावला. त्यावर चेहरे: हसरा, साधा, रागावलेला, रडका. प्रत्येकीचं एक चुंबक. शनिवारी बैठकीला आलं की आज जसं वाटतंय त्या चेहऱ्याखाली आपलं चुंबक लावायचं. पहिल्या शनिवारी एकीनं ते रागावलेल्या चेहऱ्याखाली लावलं. मी तिला सर्वांसमोर अत्यंत प्रेमानं विचारलं, "का बरं ताई? काय झालं? मोकळेपणानं बोला." मग मी तिला सांगितलं की आमच्या वेळी सायकलवर गावोगाव जावं लागायचं, पंक्चर झाली तर ढकलत, तरी आम्ही कसे आनंदी असायचो. गोष्ट लांबत गेली. जेवायची वेळ झाली. त्यानंतर आजतागायत सगळी चुंबकं हसऱ्या चेहऱ्याखाली असतात. आमच्यासारखी सुखी माणसं जिल्ह्यात दुसरीकडे नसावीत.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय, असं सांगायचा मोह होतोय. पण वाईट वाटणं हा माझा नेहमीचा धंदा आहे. घरी भाजी करपली तरी मी म्हणतो, माझीच चूक, मी तुला बोलण्यात गुंतवलं. बायको म्हणते, "तुम्हाला चूक कबूल करायला इतकं आवडतं, की दुसऱ्याच्या वाटणीचीही शिल्लक ठेवत नाही." हे तिनं कौतुकानं म्हटलं असावं, असं मी धरून चालत होतो.

तर हे सगळं ज्या घरावर येऊन आदळलं, त्याच्याबद्दल सांगतो.

वडनेर भोलजीच्या पुढं, पूर्णेच्या अंगाला आत एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथलं काम आमची एक तरुण ताई बघते. मास्टर्स केलेली, कमी बोलणारी, स्कुटीवर फिरणारी. ती वडनेरातल्या बौद्धवाड्यातली, आणि ज्या घराची ही गोष्ट आहे ते त्या गावातल्या मोठ्या भावकीतलं. त्या घरात दहावीचे पेपर देऊन आलेली एक मुलगी होती. पेपर संपले आणि लग्न ठरलं. मुलीचं वय बसत नव्हतं, पण मुलगा चांगला होता, आणि आजोबांच्या मते वय काय, बसता बसता बसतं.

ताईला कोणीतरी कळवलं. ताईनं ग्रामसेवकाला आणि पोलिसांना कळवलं. हळदीच्या दिवशी मंडळी मांडवात पोचली, लग्न थांबलं, घरच्यांनी मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं. मी त्या दिवशी बुलढाण्यात होतो आणि फोनवरून पाठीशी होतो. पुढच्या आठवड्यात एका कार्यक्रमात या कामाबद्दल संस्थेचा सत्कार झाला. ताई येऊ शकली नाही, कारण तिच्या स्कुटीची सीट कोणीतरी ब्लेडनं उभी फाडली होती. म्हणून पुष्पगुच्छ मी स्वीकारला. फुलं चांगली होती. दोन दिवस टिकली.

कोणी कळवलं हे गावाला पक्कं माहीत नव्हतं. संशय ताईवर होता. तिला लग्नमोडी बाई असं नाव पडलं. ती गल्लीत शिरली की दारं लागू लागली. तिच्या वस्तीवरूनही बोललं गेलं. काय बोललं गेलं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी आधारपूर्ण पद्धतीनं विचारलंही नाही.

पण ती कार्यालयात आली ती तक्रार घेऊन नव्हे. तिला एकच गोष्ट खात होती. लग्न मोडल्यापासून ती मुलगी तिला दिसली नव्हती. घराबाहेर पडत नव्हती, फोन काढून घेतला होता, आणि मामाच्या गावाला नेऊन गुपचूप उरकायचं, असं कानावर येत होतं.

"सर, मले त्या घरात जाऊन ती पोरगी डोळ्यानं पाहाची हाय," ती म्हणाली. "एकटी गेली तं दारातूनच हाकलतीन. तुमी चला."

मी म्हणालो, "जरूर. मी त्यांना समजावून सांगतो. कायदा काय म्हणतो ते..."

"नाही सर. तुमी काही सांगू नका. नुसते बसा. पुरुषमाणूस, वयानं मोठा, ऑफिसातला, घरात बसलेला असला की बुढा मले उठून जा म्हणत नाही. तो बोलीन, मी ऐकून घेईन. त्याचा राग निंघून गेला की मी पोरीचं विचारीन. तुमी चहा प्या."

"बस? इतकंच?"

"इतकंच. बोलू नका फक्त."

मी विचारलं, तुम्हाला हे कळवलं कोणी? ती म्हणाली, "घरातलंच कोणी हाय. नाव तुमालेबी नाही सांगणार. समजलं तं त्या घरात तिचं काही खरं नाही." तिचं, असं ती बोलून गेली आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली की मी ते ऐकलंच नाही असं दोघांनी ठरवून टाकलं.

मी घाट उतरलो. राजूर घाटातून खाली, मोताळ्यावरून, प्रत्येक वळणाला हवा थोडी थोडी तापत जाते, आणि वडनेरला पोचेपर्यंत जीपच्या दाराला हात लावता येत नाही. तिथं ताईनं जीप हायवेवरच उभी करायला लावली. जीपवर संस्थेची पाटी आहे, मोठ्या अक्षरात, माझ्याच सूचनेवरून. "ही गाडी गावात गेली की सारं गाव मागं येते," ती म्हणाली, आणि मला स्कुटीवर मागं बसवलं. फाटलेल्या सीटला तिनं खताच्या पोत्याचा तुकडा बांधला होता. पाठीशी असणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्यानं, त्या पोत्यावर, पहिल्यांदा शारीरिक अर्थानं समजलं.

वाटेत मी घोकत होतो: गप्प बसायचं. गप्प बसायचं.

आजोबा ओसरीवर बाजेवर बसले होते. धिप्पाड, धोतर, हातात सुपारीचा अडकित्ता. घरातली पुरुषमंडळी शेतात होती. आत स्वयंपाकघराच्या दारात मुलीची आई उभी होती, डोक्यावर पदर. शेजारच्या घरातली बाई कमरेइतक्या भिंतीपलीकडे बाजेवर कुरडया वाळत घालत होती, आणि त्या इतक्या सावकाश घालत होती, की तिला ऐकू येण्याबद्दल कोणाला शंका राहू नये.

"आली काय लग्नमोडी," आजोबा म्हणाले. मग मला पाहिलं. "हे कोण?"

"आमचे सर हायेत आबाजी. घाटावरून आले."

"घाटावरून? एवढ्या उन्हात?" ते आत वळून म्हणाले, "सुनबाई, पानी द्या वं याईले."

आम्ही बसलो. मी पाणी प्यालो. पाणी खारट होतं. मी काही बोललो नाही. इथपर्यंत माझी कामगिरी उत्तम होती.

मग आजोबा सुरू झाले. मांडवात पोलीस. सोयऱ्यांसमोर मान खाली. बुंदी तशीच राहिली, ती कुत्र्यांनी खाल्ली. मुलाकडच्यांनी जाताना काय बोलावं आणि काय नाही. ताई मान हलवत होती. "हाव आबाजी." "बरोबर हाय आबाजी." "वाईटच झालं ते." तिनं एकही गोष्ट नाकारली नाही, एकही कबूल केली नाही. मला वाटलं, ही घाबरली आहे. आता कळतं की ती काम करत होती. म्हातारा बोलता बोलता हळूहळू खाली येत होता. आवाज उतरला. एकदा त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. आणि शेवटी म्हणाले, "तुले तरी काय बोलू मी आता. लेकरासारखी तू. आमची पोट्टीबी तुह्याएवढीच होईन आठ-दहा वर्सात."

ताईनं मुलीबद्दल विचारण्यासाठी तोंड उघडलं.

आणि मी बोललो.

का बोललो, ते मी अनेकदा स्वतःला विचारलंय. शिव्या ती खात होती, आणि मी घेतलेला तो पुष्पगुच्छ मला दिसत होता, घशात ते खारट पाणी होतं. मला वाटलं, हाच तो क्षण. आज मी पाठीशी नाही, समोर उभा राहीन.

"आजोबा," मी म्हणालो, आणि उभाच राहिलो, "यात ताईंचा काहीही दोष नाही. पोलिसांना मी कळवलं. जे काय बोलायचं ते मला बोला."

ताईनं डोळे मिटून घेतले. श्वासाकडे लक्ष देत असावी.

"तुमी?" आजोबा म्हणाले.

"हो. मी."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"मला... गावातून कळलं."

"आमच्या गावातून? आमच्या गावात तुमच्या वळखीचं कोन हाय?"

"मी येत असतो ना. अधूनमधून."

भिंतीपलीकडची बाई म्हणाली, "कधी वं माय? म्या तं पाह्यलं नाही कधी."

आजोबांनी तिला हातानं गप्प केलं. त्यांचा राग गेला होता, आणि त्या जागी मला अजिबात न आवडणारी एक उत्सुकता आली होती. "येता तं मंग सांगा बरं साहेब," ते म्हणाले, "आमच्या इथं नळ कितव्या दिवशी येते?"

मला अहवालात वाचलेलं काहीतरी पुसटसं आठवलं. "दिवसाआड," मी ठामपणे म्हणालो.

शेजारीण इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "दिवसाआड! अवं बाप्पा! आबाजी, याईले जाऊ नका देऊ. इथंच ठेवून घ्या. याईच्या पायगुणानं नळ तरी येईन दिवसाआड!"

आजोबाही हसले. मीही हसलो, टीका स्वीकारायची म्हणून. मग आजोबा हसायचे थांबले.

"साहेब, तुमी भले मानूस दिसता," ते म्हणाले. "पन खोटं काऊन बोलता? हिले वाचवाले आले तुमी. म्हंजे हिनंच केलं हे पक्कं झालं. आतापर्यंत माह्या मनात शंका तरी होती." मग त्यांचा आवाज बदलला. "आन् हिले तरी कोनं सांगतलं? तारीख, टाइम, सारं कसं समजलं? घरातलंच कोणी बोललं असन. सुनबाई! इकडं ये वं जरा."

दारातली आई पुढे आली नाही. तिच्या हातात कपबश्यांचा ट्रे होता, आणि तो वाजायला लागला. अगदी बारीक आवाज होता, बशीवर कप हलल्याचा. पण त्या ओसरीवर त्या वेळी दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

माझं अंग गार पडलं, घाटाखाली, मे महिन्यात. मी कोणाचा दोष अंगावर घ्यायला निघालो होतो आणि तो नेऊन कोणाच्या पायाशी ठेवला, ते मला दिसलं.

ताईनं डोळे उघडले.

"आबाजी," ती म्हणाली, "मले कोणी नाही सांगतलं. तुमी सारे खरेदीले नांदुऱ्याले आले होते का नाही? मी तेव्हा बस स्टँडवर होती. समोरच्या दुकानात पोरीले शालू लावून पाहून राह्यले, हातात हिरवा चुडा, आन् म्हणता कोनं सांगतलं! माह्याच डोळ्यानं पाह्यलं म्या. तारीख तुमच्या पत्रिकेवरच छापली होती. सोयऱ्याईले वाटली, मले कशी नाही दिसन? म्याच कळवलं. आन् पुन्हा असं झालं तं पुन्हा कळवीन. घरच्याईले बोलू नका. जे बोलाचं ते मले बोला."

माझंच वाक्य होतं. फक्त तिच्या तोंडी ते खरं वाटत होतं, आणि बस स्टँडची गोष्ट तर माझ्याइतकीच खोटी होती.

आजोबा उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता आम्हाला हाकलणार, आणि हे दार पुन्हा कधी उघडणार नाही, आणि ती मुलगी मामाच्या गावी जाईल. त्यांनी दाराकडे बोट केलं. "उठ," ते म्हणाले. "निंघ..."

"नळ आले!" शेजारीण ओरडली. "अवं नळ आले वं! आबाजी, नळ!"

त्या गावात नळ कितव्या दिवशी येतो याचं उत्तर कोणालाच माहीत नसतं. म्हणून ती इतकी हसली होती. आला की सगळं टाकून धावायचं, एवढंच ठरलेलं असतं. गल्लीत एकदम पातेली, हंडे, ड्रम वाजायला लागले. कुरडया उन्हात तशाच राहिल्या. आजोबांनी दाराकडे केलेलं बोट तसंच अंगणातल्या टाक्याकडे फिरवलं आणि मला म्हणाले, "साहेब, पाहून काय राह्यले? नळी धरा!"

मी नळी धरली. हिरवी, लांब, तोंडाशी चिंधी बांधलेली. ती टाक्यात सोडून दाबून धरायची, नाहीतर उसळून बाहेर येते. ती उसळून बाहेर आली. माझा शर्ट, पँट, खिशातला रुमाल, सगळं भिजलं. "घट्ट धरा! बोलू नका, धरा फक्त!" आजोबा ओरडले. दिवसभरात ही सूचना मला दुसऱ्यांदा मिळत होती, आणि या वेळी मी ती पाळली.

घरात पुरुष नव्हते. वयामुळे आजोबा हंडा उचलू शकत नव्हते. आईला एकटीला पुरेना. तिनं आत हाक मारली, आणि आतल्या खोलीतून ती मुलगी बाहेर आली. एका हातात कळशी, दुसऱ्यात बादली, केसांची एक वेणी, पायात चप्पल नाही. ताईनं पदर खोचला आणि तिच्या हातातली बादली घेतली. दोघी नळापाशी वाकल्या. पाणी भरताना दोन बायका काय बोलतात, तिकडे त्या गावात कोणी बघत नाही, कारण सगळ्या बायका तेव्हाच बोलतात. मी नळी धरून उभा होतो. मला त्यांची पाठ दिसत होती. मुलगी एकदा हसली. एकदा तिनं ओल्या हातानं नाक पुसलं. मग तिनं मान हलवली, जोरात, होकाराची.

टाकं भरत आलं आणि धार बारीक झाली. नळ गेला.

आजोबांनी टाक्यात वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा समाधानी झाला. आम्हाला हाकलायचं होतं हे त्यांना आठवलं असावं, पण माझ्या कपड्यांतून पाणी गळत होतं. अशा माणसाला चहाशिवाय घालवणं त्यांच्यानं झालं नाही. चहा आला. आईनं पहिला कप ताईपुढे ठेवला, माझ्या आधी, आजोबांच्याही आधी, आणि ठेवून क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मी माझ्या ओल्या पँटकडे बघत राहिलो.

"तुह्यावर माहा राग हाय," आजोबा ताईला म्हणाले. "तो राहीन."

"राहू द्या आबाजी. मी येत जाईन."

"येजो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन या साहेबाले बोलू नको देऊ."

हायवेवर, जीपपाशी, एका टपरीवर आम्ही बसलो. मी तयार होतो. माफीची वाक्यं मी पोत्यावर बसल्या बसल्या जुळवत आलो होतो, त्यात आत्मपरीक्षण होतं, जबाबदारी होती, थोडा गहिवरही होता.

"ताई, आज माझ्या हातून फार मोठी..."

"सर, मी काय म्हटलं होतं?"

"गप्प बसा."

"मंग?"

"मला वाटलं, की..."

"तुमाले वाटते, तेच तं अवघड हाय. आता तुमी माफी मागसान, मंग मले म्हणावं लागीन, जाऊ द्या सर, वाईट नका वाटून घेऊ. मंग तुमाले बरं वाटीन. मी थकली सर. आज मले तुमची समजूत नाही काढता येणार."

माझ्या आयुष्यात माझी कबुली प्रथमच कोणी घ्यायला नकार दिला होता. ती कुठं ठेवायची ते मला कळेना. मी चहाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

मग नळापाशी काय बोलणं झालं ते ताई सांगायला लागली. ग्लास तिनं खाली ठेवला. मुलगी म्हणाली होती, मामाकडे नेणारच होते, पण आईनं आजारपणाचं सोंग काढून अडवलंय. तिला अकरावीला नांदुऱ्याला नाव टाकायचंय. आणि काही झालं तर शेजारणीच्या फोनवरून ती मिसकॉल देणार होती. "ती कुरडयावाली, तिच्या," ताई म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मग ती बोलत राहिली. गल्लीत दारं लागतात तेव्हा काय वाटतं. तिच्या वस्तीवरून काय बोललं गेलं, शब्दन् शब्द. तिचा नवरा म्हणतो, सोड हे काम. आणि आता गावाला पक्कं कळलं, आता सीटवर भागणार नाही, स्कुटीच जाळतील कदाचित. ते माझ्यामुळे होतं. ती तसं म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही. एकदा माझ्या तोंडात सायकल आली होती, पंक्चर झालेली, आमच्या वेळची. मी ती गिळली. टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, अजून चहा देऊ का, आणि दोन्ही वेळा मी मानेनंच हो म्हटलं. कपडे वाळेपर्यंत ती बोलत होती.

पुढच्या शनिवारी बैठकीला ती सगळ्यांच्या आधी आली. फळ्यापाशी गेली, आणि आपलं चुंबक हसऱ्या चेहऱ्याखालून काढून रडक्या चेहऱ्याखाली लावलं. मग येणारी प्रत्येक जण फळ्याकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची. मी काही विचारलं नाही. मी चहा सांगितला. अर्ध्या तासात हसरा चेहरा रिकामा झाला. तिमाही अहवालात ही प्रगती कुठल्या रकान्यात भरावी, याचा मी अजून विचार करतोय.

वरवटवाली ताई फळ्याकडे बराच वेळ बघत होती. "सर, तुमचं चुंबक कोठी हाय?" तिनं विचारलं.

ते मी बनवलंच नव्हतं.

"घाटावर लागत नसन," ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतला.

सोमवारी सकाळी वडनेरहून फोन आला. स्कुटी शाबूत होती. मुलीची कॉलेजची कागदपत्रं आणायला त्या घरी पुन्हा जायचं होतं. "या सर," ताई म्हणाली. "बसाले माणूस लागते. आन् जुने कपडे घालजा, नळाचं काही सांगता येत नाही."